तांबटाची कोरणी आणि मिरजेची छापील गीता

१

जुन्या दप्तराचा रुमाल सोडला असतां त्यांत रोजकीर्दी, वतनपत्रें आणि पोथ्यांचीं सुटीं पानें यांच्या जोडीला कधीं कधीं एखादा छापील कागदहि निघतो. तो वेरुळाच्या लेण्याचा विलायती देखावा असेल, गीतेचें एखादें पान असेल, किंवा पंचांगाचा फाटका चतकोर असेल. हस्तलिखितांच्या शोधांत असलेला संग्राहक असा कागद बहुधा बाजूस सारतो. जें छापलें तें अनेकांपाशीं असावयाचें, आणि जें अनेकांपाशीं असावयाचें त्याचा सांभाळ आपण कशाला करावा, अशी त्याची समजूत असते.

ही समजूत बरोबर नाहीं, हें दाखविणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. तांब्याच्या पत्र्यावरून उठविलेला ठसा हा देखील कोणा एका हातानें कोरलेला लेखच होय. ताम्रपटाचा कोरक्या आणि चित्राचा अथवा पोथीचा कोरक्या यांच्या हातांतील हत्यार एकच. त्या हाताचा माग काढीत गेलें म्हणजे देशावरील मुद्रणाचा आरंभ खिळ्यांच्या पेटींतून नव्हे, तर तांबटाच्या कोरणींतून झालेला दिसतो. मात्र चित्र काढणाऱ्याचें, काढविणाऱ्याचें आणि पैसा पुरविणाऱ्याचें नांव इतिहासांत राहिलें. कोरणाऱ्याचें राहिलें नाहीं. हें नांव कां गेलें व तें परत मिळविण्याचा मार्ग कोणता, याचा विचार संग्राहकांनींच करावयाचा आहे. कारण पुरावा त्यांच्याच रुमालांत आहे.

२

प्रथम आपल्याकडील जुन्या सामग्रीचा विचार करूं. तांब्यावर अक्षर कोरण्याची विद्या या देशांत नवी नाहीं. राष्ट्रकूट तिसरा गोविंद याचा पैठण येथील ताम्रपट शके ७१६ चा, म्हणजे इ. स. ७९४ चा आहे. शिलाहार अपराजिताचे जंजिरा ताम्रपट शके ९१५ चे, म्हणजे इ. स. ९९३ चे आहेत. अशा पटांवर आधीं लेखकानें शाईनें अक्षरें लिहून द्यावयाचीं आणि मग कोरक्यानें त्यांवरून हत्यार चालवावयाचें, अशी सामान्य रीत होती. अनेक पटांच्या शेवटीं लेखकाचें व कोरक्याचें अशीं दोन्ही नांवें आढळतात. हजार वर्षांपूर्वीच्या राजशासनांत ज्याला जागा मिळाली, त्या कारागिराला पुढील काळाच्या छापील पुस्तकांत मिळूं नये, हा फरक लक्षांत ठेवण्यासारखा आहे.

ताम्रपटावरील अक्षर मात्र सुलटें असतें, कारण तें तांब्यावरच वाचावयाचें असतें. छापण्यासाठीं तें उलटें कोरावें लागतें. ही उलटी कोरणीहि आपल्याकडे होती. मुद्रा कोरणारे व टांकसाळींत शिक्के घडविणारे नित्य तेंच काम करीत. शिवछत्रपतींच्या पत्राच्या माथ्यावर उमटलेली मुद्रा आणि शेवटचें मोर्तब हे शाईनें कागदावर उठविलेले ठसेच आहेत. एकच अक्षरसमूह, एकाच साधनानें, हवा तितक्या वेळां, अगदी सारखा उमटविणें ही छापण्याची व्याख्या धरली, तर प्रत्येक चिटणिसाच्या बैठकीवर लहानसें मुद्रण रोज होत होतें.

तिसरी गोष्ट कागदाची. दौलताबादी आणि जुन्नरी कागदानें मराठ्यांचीं दप्तरें भरलेलीं आहेत. तो खळ देऊन व घोटून इतका गुळगुळीत केलेला असे कीं बोरू त्यावर अडखळत नसे. लिहिण्यास हा गुण. तांब्यावरून छापण्यास मात्र अडचण, कारण तेथें कागद भिजवून मऊ करावा लागतो व त्यानें खांचेंत शिरून शाई उचलावी लागते.

तांबें होतें, कोरणी होती, उलटें अक्षर होतें, कागद होता. मग उणें काय होतें? दोन गोष्टी उण्या होत्या. एक, लाटांचें दाबयंत्र. दुसरी, एकाच ग्रंथाच्या शेंकडों सारख्या प्रती हव्यात ही इच्छा. पोथी उतरून घेणें हें पुण्यहि होतें आणि लेखकाच्या पोटाचें साधनहि होतें. मागणी इतकी आणि लेखक इतके, असा मेळ बसलेला होता. यंत्र बाहेरून आणतां येतें; इच्छा आंतूनच उत्पन्न व्हावी लागते. आपल्याकडे सर्व कांहीं पूर्वीच होतें हा अभिमान जितका पोकळ, तितकेंच छापण्याची कला सबंधच परक्यांनीं दिली हें विधानहि अपुरें आहे. कारागिराचा हात येथला होता. त्या हाताला नवें काम मिळालें, इतकेंच.

३

हा हात मिळाला नाहीं म्हणजे काय होतें, याचीं दोन उदाहरणें प्रसिद्ध आहेत. गोव्यास इ. स. १५५६ मध्यें छापखाना आला. पुढें साठ वर्षांनीं, इ. स. १६१६ त, फादर टॉमस स्टीफन्सचें क्रिस्तपुराण छापलें गेलें. त्याची भाषा मराठी, छंद ओवीचा. पण अक्षर रोमन. मराठी ओवी उत्तम रचणारा ग्रंथकार होता, यंत्र होतें, आश्रय होता. नागरी अक्षरांचे खिळे तेवढे नव्हते.

दुसरें उदाहरण सुरतेच्या भीमजी पारेखाचें. आपले धर्मग्रंथ छापावे या हौसेनें त्यानें ईस्ट इंडिया कंपनीकडे मुद्रक मागितला, आणि इ. स. १६७४ त हेन्री हिल्स नांवाचा मुद्रक मुंबईस आलाहि. परंतु तो छापणारा होता, अक्षर पाडणारा नव्हता; देशी अक्षरांचे खिळे त्याच्यानें होईनात आणि भीमजीचा मनोरथ तसाच राहिला. शिवराज्याभिषेकाच्याच वर्षींची ही गोष्ट आहे. यंत्र व यंत्र चालविणारा यांच्यापेक्षां अक्षर कोरणारा हाच या विद्येचा खरा आधार आहे, हें या दोन्ही उदाहरणांवरून स्पष्ट होतें.

४

तांब्यावरून छापणें म्हणजे नेमकें काय, हें ताम्रपटाचे ठसे घेणाऱ्या संशोधकांस सांगणें सोपें आहे. आपण ताम्रपटावर ओला कागद दाबतों आणि वरून शाईची गादी फिरवितों. पृष्ठभाग काळा होतो व खोल अक्षर पांढरें राहतें. चित्र छापणारा याच्या अगदी उलट करतो. तो पत्रा किंचित् तापवून त्यावर काजळी व उकळलेलें जवसाचें तेल यांची दाट शाई चोळतो, ती खांचांत भरतो, आणि मग मलमलीनें व शेवटीं तळहातानें पृष्ठभाग पुसून स्वच्छ करतो. शाई राहते ती केवळ कोरलेल्या खांचांत. त्यावर भिजविलेला कागद, कागदावर लोंकरीचा जाड थर, अशी रचना करून तें सर्व दोन लाटांमधून दाबून काढतात. कागद खांचेंत शिरतो आणि तेथली शाई घेऊन वर येतो. पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. आणि पत्रा सुलटा कोरलेला असेल तर ती उलटी उमटते. म्हणून पत्र्यावर सर्व कांहीं आरशांतल्यासारखें कोरावें लागतें.

कोरण्याच्या रीती अनेक. कोरणीनें थेट तांबें काढणें ही सर्वांत जुनी व कठीण. तींत रेघ आरंभीं बारीक, मध्यें भरदार आणि शेवटीं पुन्हां टोंकदार होते. दुसरी तेजाबाची: पत्र्यावर मेण-राळेचा लेप द्यावयाचा, त्यांतून सुईनें चित्र काढावयाचें, आणि उघड्या पडलेल्या तांब्यास तेजाब खाऊं द्यावयाचें. येथें हात मोकळा चालतो, म्हणून चित्रकार ही रीत पसंत करतात. तिसरी रीत ॲक्वाटिंट म्हणून प्रसिद्ध आहे. तींत राळेची बारीक पूड पत्र्यावर उडवून ती उष्णतेनें चिकटवितात. तेजाब कणांच्या मधून तांबें खातो आणि छापल्यावर पाण्याच्या रंगाच्या हातासारखी छटा उमटते. ज्या भागास फिकें ठेवावयाचें तो रोगणानें झांकून बाकीचा पुन्हां तेजाबांत बुडवितात. जितके वेळां बुडवावा तितकी छटा गडद. चौथी रीत मेझोटिंटची: सगळा पत्रा दांतेरी हत्यारानें खरखरीत करावयाचा, म्हणजे तो छापल्यास मखमलीसारखा काळा येतो, मग जेथें उजेड पाहिजे तेथें तो घोटून गुळगुळीत करावयाचा. पहिल्या तीन रीतींत कारागीर पांढऱ्यांत काळें आणतो. या चवथींत तो काळोखांतून उजेड काढतो.

तांबें मऊ आहे. प्रत्येक दाबाबरोबर तें झिजतें, आणि बारीक रेघा व नाजूक छटा आधीं जातात. म्हणून एकाच पत्र्याच्या पहिल्या व शेवटच्या ठशांत मोठें अंतर असतें. जें छापलें तें सर्व सारखें ही समजूत तांब्याच्या ठशांस लागू पडत नाहीं.

५

आतां पुण्याकडे वळूं. चार्ल्स मॅलेट हा इ. स. १७८६ पासून १७९७ पर्यंत पेशव्यांच्या दरबारीं इंग्रजांचा वकील होता. त्याला चित्रांची व प्राचीन लेण्यांची मोठी आवड होती. जेम्स वेल्स नांवाचा स्कॉटिश चित्रकार इ. स. १७९१ त मुंबईस आला व पुढील वर्षीं पुण्यास आला. सवाई माधवराव व नाना फडणीस यांचीं आज सर्वांच्या नजरेंत बसलेलीं रूपें त्याच्याच कुंचल्यांतून उतरलीं. शनिवारवाड्यांत चित्रकला शिकविण्याची सोय झाली ती याच मंडळींच्या प्रेरणेनें.

वेल्सच्या हाताखालीं काम करणाऱ्या पुणेकर चित्रकारांत गंगाराम चिंतामण तांबट हा प्रमुख. त्याचीं चित्रें सध्यां अमेरिकेंतील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कलेच्या संग्रहांत आहेत. त्यांत पेशव्यांच्या शिकारखान्यांतील गेंड्याचें एक चित्र आहे आणि त्यावरील तारीख नोव्हेंबर १७९० ची आहे. ही तारीख महत्त्वाची आहे. वेल्स मुंबईस उतरला तो त्यानंतर, इ. स. १७९१ त. अर्थात् गंगारामाचा हात वेल्सनें घडविला असें जें सरसकट म्हटलें जातें, तें जपून म्हटलें पाहिजे. वेल्सपाशीं तो पुष्कळ शिकला असेल. परंतु वेल्स येण्यापूर्वीच तो साहेबाच्या मागणीबरहुकूम चित्रें काढीत होता.

वेरुळाच्या लेण्यांचीं गंगारामानें काढलेलीं चित्रेंहि उपलब्ध आहेत. मॅलेटनें या लेण्यांचें वर्णन लिहून कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीकडे पाठविलें. तें तिच्या संशोधनग्रंथमालेच्या सहाव्या खंडांत इ. स. १७९९ त प्रसिद्ध झालें. वेल्स मात्र इ. स. १७९५ तच साष्टी बेटांत वारला. मुंबई व तिच्या आसपासच्या प्रदेशाचीं त्यानें काढलेलीं बारा दृश्यें त्याच्या मृत्यूनंतर, इ. स. १८०० त, लंडनास निघालीं. आणि वेरुळाचीं चोवीस दृश्यें टॉमस डॅनियलनें इ. स. १८०३ त ॲक्वाटिंट रीतीनें काढलीं. या संग्रहाच्या शीर्षकांत नांवें दोन: रेखाटणारा म्हणून वेल्स, कोरणारा व कोरविणारा म्हणून डॅनियल. लेण्यांतील अंधारांत बसून मापें घेणाऱ्या व रेखाटनें करणाऱ्या पुणेकर मंडळाची आठवण त्या शीर्षकास नाहीं. ‘कोरविणारा’ या शब्दांत डॅनियलच्या लंडनच्या कारखान्यांतील किती निनांवी हात लपले असतील, हाहि प्रश्न आहेच. नांव लुप्त होणें हें केवळ काळ्या कारागिराच्याच वांट्यास आलें नाहीं. तें बहुतेक सर्वच कोरक्यांच्या वांट्यास आलें.

इंग्रजी कोरीव चित्राच्या तळाशीं बारीक अक्षरांत एक ओळ असते, ती संग्राहकानें अवश्य वाचावी. डावीकडे चित्रकाराचें नांव व पुढें ‘डेल्.’ अथवा ‘पिंक्स्.’ असें असतें, म्हणजे ‘रेखाटलें’ अथवा ‘रंगविलें’. उजवीकडे कोरणाऱ्याचें नांव व पुढें ‘स्कल्प्.’ असतें, म्हणजे ‘कोरलें’. हीं लॅटिन शब्दांचीं संक्षिप्त रूपें होत. इंग्लंडांत इ. स. १७३५ त कोरक्यांच्या हक्कांचा कायदा झाला, त्यान्वयें हक्कासाठीं पत्र्यावर मालकाचें नांव व प्रसिद्धीची तारीख कोरावी लागे. त्यामुळें हे कागद बहुधा स्वतःची मिति स्वतःच सांगतात. मोडी पत्रांतील ‘छ’ च्या चंद्रावरून मिति बसविणाऱ्यांस हें सुख क्वचितच लाभतें.

परंतु मिति छापील आहे म्हणून साक्षहि प्रत्यक्ष आहे असें नव्हे. मॅलेट पेशव्यांच्या दरबारांत तहाची सांगता करीत आहे असें एक सुप्रसिद्ध चित्र आहे. शनिवारवाड्याच्या अंतर्भागाचा पुरावा म्हणून तें वारंवार पुढें केलें जातें. प्रसंग इ. स. १७९० चा. त्या वेळीं वेल्स हिंदुस्थानांत आलेला नव्हता, आणि डॅनियल उत्तर हिंदुस्थानांत फिरत होता. वेल्सनें पुढें पुण्यांत जमविलेल्या रेखाटनांवरून डॅनियलनें लंडनांत चित्र रंगविलें व तें इ. स. १८०५ त प्रदर्शनांत मांडलें. त्यावरून चार्ल्स टर्नरनें मेझोटिंटचा पत्रा केला, तो इ. स. १८०७ चा. प्रसंग आणि ठसा यांत सतरा वर्षें व तीन हात आहेत. दरम्यान महादजी शिंदे इ. स. १७९४ त, सवाई माधवराव १७९५ त आणि नाना १८०० त गेले होते. इ. स. १८२८ त वाडा जळाला, आणि जें चित्र दुय्यम साक्षीचें होतें तेंच आतां उरलेल्या थोड्या साक्षींपैकीं एक होऊन बसलें. अशा ठशाचा उपयोग अवश्य करावा. पण बखरीचा करतों तसा, ताळा घेऊन करावा.

६

याच पुण्यांत, याच वर्षांत, तांब्याच्या कोरणीचा दुसरा एक उपयोग नाना फडणिसांच्या मनांत आला. मॅलेटकडील छापील कागद व चित्रें नानांच्या पाहण्यांत येत. भगवद्गीता छापून तिच्या प्रती ब्राह्मणांस द्याव्या असें त्यांनीं मनांत आणलें, आणि त्यासाठीं एका तांबटास नागरी अक्षरें उलटीं कोरण्याच्या कामास लाविलें, असें सांगितलें जातें. काम पुरें होण्यापूर्वीं पुण्याची घडी मोडली. सवाई माधवरावांचा मृत्यु, बाजीरावाची स्थापना, नानांचा पाडाव, पुन्हां सुटका आणि १३ मार्च १८०० रोजीं मृत्यु, या धामधुमींत गीता छापण्याचें कोण पाहतो! नव्या धन्यास या गोष्टीची गोडी नव्हती.

तांबट मिरजेस गेला. मिरजेचे गंगाधरराव गोविंद पटवर्धन यांनीं त्यास आश्रय दिला, आणि इ. स. १८०५ त तांब्याच्या पत्र्यांवर कोरलेली गीता छापून निघाली. पेशव्यांच्या कारभाऱ्याचा संकल्प त्यांच्या एका सरदाराच्या घरीं सिद्धीस गेला. यशवंतराव होळकरानें पुण्यावर केलेली स्वारी इ. स. १८०२ ची, वसईचा तह त्याच वर्षाअखेरचा, इंग्रज-मराठ्यांचें दुसरें युद्ध १८०३ चें. राज्य खचत असतां एक कारागीर आपलीं हत्यारें घेऊन आश्रय शोधीत फिरतो आणि अखेर हातांतलें काम पुरें करतो. त्या काळाच्या इतिहासांत असे प्रसंग फार नाहींत.

हें काम केवढें, याचा अदमास संग्राहकांनीं करून पाहावा. गीतेचे श्लोक सातशें. त्यांतील प्रत्येक अक्षर, प्रत्येक वेलांटी, मात्रा व रफार आरशांतल्याप्रमाणें उलटा कोरावयाचा. नागरीची ओळ डावीकडून उजवीकडे जाते; पत्र्यावर ती उजवीकडून डावीकडे चालवावयाची. शिरोरेघ सरळ राहिली पाहिजे. अक्षर चुकलें तर शाईसारखें हरताळ लावून भागत नाहीं. पत्रा मागून ठोकून तेवढा भाग वर आणावा लागतो, घोटून सारखा करावा लागतो, आणि मग पुन्हां कोरावा लागतो. अशा रीतीनें पान सिद्ध झालें म्हणजे तें कायमचें सिद्ध झालें. पत्रे जपून ठेवले तर हव्या तेव्हां पुन्हां प्रती काढतां येतात, आणि कोणत्याहि प्रतींत पाठभेद शिरूं शकत नाहीं. लेखकांच्या हातून होणाऱ्या पाठभ्रंशानें त्रासलेल्या पंडितास हा लाभ लहान वाटला नसेल. बदलावयाचा नाहीं असा ग्रंथ आणि बदलतां येत नाहीं असें साधन यांची येथें योग्य गांठ पडली होती.

हा तांबट म्हणजे गंगारामच होय काय, असा प्रश्न सहजच मनांत येतो. दोघेहि पुण्याचे, दोघांचाहि मॅलेटच्या मंडळाशीं संबंध, दोघांसहि ‘तांबट’ हेंच नांव. पण तांबट ही जात आहे व धंदाहि आहे. पुण्यांत तांबटांची आळीच होती. एवढ्या साम्यावरून दोन माणसांचा एक माणूस करणें इतिहासाच्या शिस्तीस धरून होणार नाहीं. दोघांच्या हातांत एकाच घराण्याची विद्या होती, इतकेंच म्हणणें सुरक्षित आहे. एकाचें नांव चित्रांवर राहिलें. दुसरा इतिहासाच्या पुस्तकांत बहुधा ‘एक तांबट’ म्हणूनच वावरतो.

७

इ. स. १८०५ या वर्षाचें एक वैशिष्ट्य येथें नमूद केलें पाहिजे. याच वर्षीं मिरजेस गीता छापली गेली. याच वर्षीं बंगाल्यांत श्रीरामपुरास विल्यम कॅरीचें मराठी व्याकरण नागरी खिळ्यांनीं छापलें गेलें. आणि याच वर्षीं पुणें दरबाराचें वर उल्लेखिलेलें चित्र लंडनास मांडलें गेलें. कॅरीचे खिळे ज्या परंपरेंतले, तिचा मूळ पुरुष पंचानन कर्मकार हा होय. इ. स. १७७८ त चार्ल्स विल्किन्सनें हालहेडच्या बंगाली व्याकरणासाठीं अक्षरें पाडलीं तीं त्याच्याच साहाय्यानें. पुढें तो श्रीरामपुरास आला आणि नागरी खिळ्यांचें काम त्यानें हातीं घेतलें. कर्मकार म्हणजे लोहार. तिकडे लोहार, इकडे तांबट. अक्षर धातूंत उतरविणारा हात दोन्हीकडे कारागिराचाच. फरक इतकाच कीं, मिशनऱ्यांनीं लिहून ठेविल्यामुळें लोहाराचें नांव राहिलें.

पुढें खिळ्यांचाच विजय झाला हें खरें. सुटा खिळा एका पानांतून काढून दुसऱ्यांत बसवितां येतो, चूक क्षणांत सुधारतां येते. पत्र्यास हें शक्य नाहीं. तंजावरास सरफोजीराजांनीं त्याच शतकाच्या आरंभीं नागरी खिळ्यांचा छापखाना चालविला. मुंबईस अमेरिकन मिशनचा छापखाना इ. स. १८१७ च्या सुमारास सुरू झाला. पुढें जावजी दादाजी यांनीं इ. स. १८६४ त अक्षरें ओतण्याचा कारखाना काढला व १८६९ त निर्णयसागर छापखाना सुरू केला. त्या सुंदर अक्षरांचे मूळ ठसे राणोजी रावजी आरू यांच्या हातचे. येथें मात्र कोरक्याचें नांव धन्याच्या जोडीनें राहिलें, ही समाधानाची गोष्ट होय.

मध्यंतरीं शिळाछापाचें युग येऊन गेलें. दगडावर तेलकट शाईनें लिहिलें, दगड पाण्यानें ओला केला व त्यावर छापण्याची शाई फिरविली, तर ती लिहिलेल्या जागींच धरते. या रीतींत लेखकानें विशिष्ट कागदावर नेहमींप्रमाणें सुलटें लिहून तो दगडावर उठविला म्हणजे काम भागतें. उलट्या कोरणीची गरज संपली. तांबटाच्या जागीं पोथ्यांचा लेखक पुन्हां आला. गणपत कृष्णाजी यांनीं इ. स. १८३१ त पंचांग छापलें तें याच रीतीनें. म्हणून शिळाछाप पोथी ही छापील असूनहि तींत एका विशिष्ट लेखकाचें वळण जसेंच्या तसें राहिलेलें असतें. पुढें पुण्याच्या चित्रशाळेनें इ. स. १८७८ पासून आणि मुंबईच्या रविवर्मा छापखान्यानें १८९४ पासून देवदेवतांचीं रंगीत चित्रें घरोघर पोंचविलीं, तीं याच दगडावरून.

८

संग्राहकांच्या उपयोगासाठीं कांहीं खुणा येथें देतों. तांब्यावरील ठशाभोंवतीं पत्र्याच्या कडेची चौकोनी दाबलेली रेघ बहुधा दिसते. कागद कापला असेल तर ती गेलेली असते. उजेड तिरका धरून पाहिलें असतां शाई कागदावर किंचित् उभी राहिलेली दिसते. लांकडी ठशांत याच्या उलट, कागद दबलेला असतो, मागील बाजूस उठाव येतो, आणि रेघेच्या कडेस शाई सरकून काळी किनार बनते. शिळाछापांत उठावहि नाहीं व दाबहि नाहीं. शाई सर्वत्र सपाट असते.

शिळाछाप पोथी पुष्कळदां हस्तलिखित म्हणून याद्यांत नोंदली जाते. खऱ्या हस्तलिखितांत बोरू शाईंत बुडविल्यानंतरचें अक्षर गडद व पुढील फिकें होत जातें. एक रेघ दुसरीस छेदते तेथें शाई दाटते. शिळाछापांत काळेपणा पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत एकसारखा असतो. एकाच पोथीच्या दोन प्रती समोरासमोर ठेवून त्यांतील एकच काना ताडून पाहिला म्हणजे संशय राहत नाहीं. माणसाचा हात दोनदां तंतोतंत तोच काना काढीत नाहीं.

तांब्यावरील गीतेचें पान ओळखण्यासहि याच खुणा उपयोगीं पडतील. त्यांतील अक्षर खिळ्याच्या अक्षरासारखें प्रत्येक वेळीं एकसारखें नसतें. एकाच ओळींतील दोन ‘म’ निरनिराळे असतात, कारण ते दोनदां कोरलेले आहेत. मात्र दोन प्रतींतील तोच ‘म’ सारखाच असतो. हस्तलिखित व खिळ्याची छपाई यांच्या मधली ही जात आहे, आणि म्हणूनच ती दोन्ही याद्यांतून निसटते.

९

मिरजेच्या तांबटाचें नांव मिळावयाचें तर तें पुस्तकांत नव्हे, हिशेबांत मिळेल. कारागीर पदरीं ठेविला म्हणजे त्यास रोजमुरा दिला जातो, शिधा दिला जातो, तांब्याचे पत्रे वजन करून सोंपविले जातात, कागद व तेल यांचा खर्च पडतो, काम पुरें झाल्यावर पागोटें बांधलें जातें. मराठी दप्तरदार अशी एकहि बाब नांवानिशीं नोंदल्याशिवाय सोडीत नसे. इ. स. १८०० पासून १८०५ पर्यंतच्या पटवर्धनी कीर्दींत, आणि त्यापूर्वींच्या नानांच्या खाजगी खर्चाच्या याद्यांत, ‘तांबट’, ‘पत्रे’, ‘गीता’ हे शब्द डोळ्यांखालून जातील तेथें वाचकानें थांबावें. राजकारणाचीं पत्रें निवडतांना असे फुटकळ खर्चाचे कागद आजवर मागें टाकले गेले आहेत.

ज्यांच्या घरीं त्या गीतेचें एखादें पान असेल, त्यांनीं तें बांधून न ठेवतां त्याचें माप, ओळींची संख्या, कागदाची जात आणि पत्र्याच्या कडेची रेघ यांची टांचणी करून ठेवावी. कोरक्यानें आपली खूण ठेवली असली तर ती शेवटच्या पत्र्याच्या कोपऱ्यांत किंवा समासाच्या नक्षींत असण्याचा संभव अधिक. जंजिऱ्याच्या पटाचा कोरक्या हजार वर्षांमागें होऊन गेला. मिरजेच्या तांबटास अवघीं सव्वादोनशें वर्षें झालीं आहेत. इतक्या जवळच्या माणसाचें नांव आपल्या हातून निसटूं नये.